चिमटा मापक

चिमटा मापक : रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर यांसारखे बारीक घटक चिमट्याच्या दोन टोकांत धरून त्यांचे मूल्य दाखवणारे, हातात मावणारे उपकरण. चिमट्याचे दोन्ही पाय एकमेकांपासून विद्युत दृष्ट्या अलग ठेवलेले असतात आणि तेच मापकाचे दोन प्रोब ठरतात. मोजणारे मंडल, बॅटरी व पडदा मुठीतच बसवलेले असतात. दुरुस्ती, जुळणी आणि मिसळलेल्या घटकांची वर्गवारी ही त्याची नेहमीची कामे.

बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे, म्हणजे एसएमडी घटक १९८० च्या दशकात सर्वत्र पसरले आणि मापनाची अडचण तिथून सुरू झाली. ०४०२ आकाराचा घटक सुमारे १.० × ०.५ मिमी., तर ०२०१ आकाराचा ०.६ × ०.३ मिमी. असतो. (हे संकेत इंचाच्या हिशोबाचे आहेत. मिलिमीटरच्या हिशोबात ०६०३ लिहिले म्हणजे इंचांतला ०२०१, त्यामुळे नुसता अंक सांगून भागत नाही.) मोठ्या रेझिस्टरवर ४७३ असे छापलेले असते व त्यावरून ४७ किलोओहम हे मूल्य कळते. ईआयए-९६ या दुसऱ्या संकेतपद्धतीत ०१सी म्हणजे १० किलोओहम. ०४०२ व त्याहून लहान रेझिस्टरवर मात्र बहुधा काहीच छापत नाहीत, आणि सिरॅमिक कपॅसिटर तर मोठा असला तरी सहसा कोराच असतो. पट्टीतून सांडलेला असा तपकिरी कण १० पिकोफॅरडचा की १ मायक्रोफॅरडचा, हे डोळ्यांना कळत नाही.

उगम : या उपकरणाची वंशावळ दोन तऱ्हांनी मांडता येते. पहिल्या मांडणीप्रमाणे ते मल्टीमीटरचे अपत्य आहे, कारण मल्टीमीटरच्या दोन सुया लावायच्या तर घटक दाबून धरायला तिसरा हात लागे, म्हणून सुयांच्या जागी चिमटा आला. केवळ रोध (रेझिस्टरचे मूल्य) व धारकता (कपॅसिटरचे मूल्य) मोजणाऱ्या, एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या साध्या नमुन्यांना ही मांडणी लागू पडते. दुसरी मांडणी त्याला मापनसेतूंच्या, म्हणजे ज्ञात घटकांशी समतोल साधून अज्ञात घटक मोजणाऱ्या मंडलांच्या परंपरेत बसवते. सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये वर्णिलेला व चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये प्रचारात आणलेला रोधसेतू, विल्यम टॉमसन म्हणजे पुढील लॉर्ड केल्व्हिन यांचा अल्परोधासाठीचा दुहेरी सेतू, जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा प्रवर्तकतेचा (इंडक्टरच्या मूल्याचा) सेतू आणि माक्स व्हीन यांचा १८९१ चा सेतू हे तिचे टप्पे. या सेतूंत तबकड्या फिरवून समतोल साधावा लागे. साधारणपणे १९७० च्या दशकाच्या मध्यापासून, जेनरॅड कंपनीच्या ‘डिजिब्रिज’सारख्या उपकरणांत, सूक्ष्मप्रक्रियकाने ही कसरत संपवली. घटकावरील व्होल्टता, त्यातला प्रवाह व दोहोंमधले कलांतर (एक तरंग दुसऱ्याच्या किती पुढे वा मागे आहे ते) मोजायचे आणि बाकी गणिताने काढायचे, अशी ती रीत. आजचे चांगले चिमटा मापक याच रीतीने चालतात, तेव्हा दुसरी मांडणी अधिक पटण्याजोगी आहे. मेजावरच्या एलसीआर मीटरला (इंडक्टर, कपॅसिटर व रेझिस्टर मोजणाऱ्या उपकरणाला) केबलने जोडायचे चिमटे स्वतंत्रपणे रूढ होतेच. ह्यूलेट-पॅकार्ड व नंतर एजिलेंट यांचा १६३३४ए हा १५ मेगाहर्ट्झपर्यंतचा चिमटा त्यांपैकी प्रसिद्ध आहे. संपूर्ण मापक चिमट्यातच सामावलेली कॅनडातील ‘स्मार्ट ट्वीझर्स’ व ‘एलसीआर-रीडर’ ही नावे एकविसाव्या शतकातली.

मापनाची रीत : मापक घटकाला ठरावीक वारंवारतेची, बहुधा १ व्होल्टपेक्षा जास्त नसलेली ज्या-तरंगी (साइन तरंगाची) व्होल्टता देतो. १०० किंवा १२० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ व १० किलोहर्ट्झ या सर्रास आढळणाऱ्या वारंवारता असून वरच्या श्रेणीत १०० किलोहर्ट्झही असते. व्होल्टता व प्रवाह यांच्या गुणोत्तरावरून संरोध, म्हणजे घटकाचा एकूण अडथळा, आणि कलांतरावरून त्यातला रोधाचा व रिॲक्टन्सचा (वारंवारतेनुसार बदलणाऱ्या अडथळ्याचा) वाटा निघतो. कलांतर ऋण असल्यास कपॅसिटर, धन असल्यास इंडक्टर, शून्याजवळ असल्यास रेझिस्टर, असे घटकाचे नाव पडद्यावर आपोआप येते ते यामुळेच.

वारंवारतेची निवड हा यातला कळीचा भाग. १० पिकोफॅरडच्या कपॅसिटरचा रिॲक्टन्स १ किलोहर्ट्झला सुमारे १६ मेगाओहम भरतो. त्यातून जाणारा इतका क्षीण प्रवाह पकडणे लहान मापकाला जड जाते. १०० किलोहर्ट्झला तोच १६० किलोओहमपर्यंत उतरतो. उलट १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ किलोहर्ट्झला जेमतेम १.६ ओहम दाखवतो आणि टोकांचा संपर्करोध आकड्यात मिसळू लागतो, म्हणून त्याला १०० हर्ट्झ बरे. १ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर १० किलोहर्ट्झला ०.०६ ओहमच्या आसपास असतो. नॅनोहेन्रीतले रेडिओ इंडक्टर तर बहुतेक चिमट्यांच्या आवाक्याबाहेरच. फेराइट मणी (उच्च वारंवारतेचा गोंगाट अडवणारा घटक) अशाच प्रकारे चकवतो. त्याचे मूल्य १०० मेगाहर्ट्झला सांगितलेले असते. चिमट्यात तो जवळजवळ तारेच्या तुकड्यासारखा, फार तर क्षुल्लक इंडक्टर म्हणून दिसतो.

घटकाचे प्रतिरूप एकसर धरायचे की समांतर, म्हणजे त्यातला रोध व रिॲक्टन्स एकापाठोपाठ जोडलेले मानायचे की शेजारी-शेजारी, यावरही आकडा बदलतो. संरोध १० ओहमच्या खाली असेल तर एकसर व १० किलोओहमच्या वर असेल तर समांतर, हा रूढ आडाखा आहे. मधल्या पट्ट्यात, घटकाचा व्यय कमी असेल तर फारसा फरक पडत नाही.

टोकांचा प्रश्न : केल्व्हिन पद्धतीत प्रवाहाच्या व व्होल्टतेच्या तारा वेगळ्या ठेवतात. त्या अगदी टोकापर्यंत वेगळ्या नेल्या, तरच तारांचा रोध खऱ्या अर्थाने वगळला जातो. चिमट्यात त्या टोकाच्या अलीकडे कोठेतरी एकत्र येतात, आणि त्यापुढचा संपर्करोध मापनात राहतोच. दोन टोकांमध्ये स्वतःची भटकी धारकताही असते, ती टोके उघडी ठेवून वजा करतात. ही वजाबाकी घटकाच्या रुंदीएवढे अंतर ठेवूनच करावी, कारण टोके जवळ आणली की धारकता वाढते. १ मायक्रोफॅरड मोजताना हे सगळे दुर्लक्षिता येते. २ पिकोफॅरडच्या घटकाला मात्र चूक थेट लागू होते. बोट टोकांना टेकले तरी त्वचेचा रोध घटकाला समांतर येतो.

सिरॅमिक कपॅसिटरचा विशेष : एक्स७आर, एक्स५आर यांसारख्या दुसऱ्या वर्गाच्या सिरॅमिकचे मूल्य मोजणीच्या व्होल्टतेवर अवलंबून असते. १० मायक्रोफॅरडपर्यंतच्या अशा कपॅसिटरचे छापील मूल्य सहसा १ किलोहर्ट्झ व १ व्होल्ट या अटींवर दिलेले असते. चिमटा त्याहून कमी व्होल्टता देत असेल, तर चांगला घटकही कमी भरतो आणि उगाच फेकला जातो. शिवाय या सिरॅमिकची धारकता काळानुसार घटते व सोल्डरच्या उष्णतेने पुन्हा वर येते, म्हणून उत्पादक तापवल्यानंतर सुमारे २४ तास थांबून मोजायला सांगतात. सी०जी या पहिल्या वर्गाच्या प्रकाराला ही कटकट नाही. मंडलात एकदिश व्होल्टता चढल्यावर दुसऱ्या वर्गाच्या घटकाची धारकता किती उरेल, हे मात्र साधा चिमटा सांगू शकत नाही.

बोर्डावरील मापन : घटक न काढता मोजल्यास त्याला समांतर असलेले सगळे मार्ग आकड्यात येतात. आयसीच्या पुरवठा पायाजवळचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धरला, तर त्या वाहिनीवरच्या सर्व कपॅसिटरांची बेरीज दिसते. रेझिस्टरच्या बाबतीत समांतर मार्गामुळे आकडा खाली येतो. छापील मूल्यापेक्षा तो लक्षणीय जास्त आला, तर रेझिस्टर तुटल्याचा संशय रास्त. बोर्डावरच्या डायोड-ट्रान्झिस्टरांतले सिलिकॉनचे संधिस्थान ०.६ व्होल्टच्या आसपास वाहू लागते आणि ०.५ व्होल्ट परिणामी (आरएमएस) मूल्याच्या तरंगाचे शिखर ०.७ व्होल्टवर पोचते, म्हणून तेही आकड्यात शिरते. यासाठी काही मापकांत ०.१ व्होल्टच्या जवळची बोर्डावरच्या कामाची वेगळी पातळी दिलेली असते. दुसऱ्या वर्गाच्या सिरॅमिकला हीच पातळी सर्वांत गैरसोयीची. मापनापूर्वी पुरवठा तोडणे व मोठे कपॅसिटर रिकामे करणे अनिवार्य आहे, कारण साठलेला भार मापकाचे आतील मंडल जाळू शकतो.

डायोड व सातत्य तपासण्याची सोयही बहुतेकांत असते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा समतुल्य एकसर रोध पाहायचा असल्यास १०० किलोहर्ट्झची श्रेणी उपयोगी. अचूकता मधल्या मूल्यांना चांगली असते व दोन्ही टोकांच्या श्रेणींत ढासळते, तेव्हा माहितीपत्रकातला एकच ठळक आकडा सर्व श्रेणींना लावू नये. टोके सोन्याचा मुलामा दिलेली व बदलता येण्याजोगी असतात. ती वाकली किंवा त्यांवर सोल्डरचा अंश बसला, की पहिली गडबड अल्परोधाच्या वाचनात दिसते. अशा वेळी टोके एकमेकांना दाबून शून्य पुन्हा पाहतात, आणि आकडा स्थिर राहिला नाही तर टोके बदलतात.