नूचानुल्थ सालविणकाम

कॅनडातील व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील नूचानुल्थ लोकांची सीडरच्या अंतर्सालीपासून टोपल्या, चटया व टोप्या विणण्याची कला. जुन्या ग्रंथांत या लोकांना ‘नूटका’ म्हटले आहे. हे नाव ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकच्या १७७८ मधील भेटीपासून रूढ झाले. सीडर म्हणजे देवदार, असे भाषांतर येथे चालत नाही. देवदार पाइन कुलातला, तर हा लाल सीडर (थुजा प्लिकेटा) सायप्रस कुलातला, म्हणजे आपल्या बागांतील मोरपंखीचा नातलग.

वसंताच्या अखेरीस झाडात रस चढला की साल सहज सुटते. बुंध्याशी आडवा छेद घेऊन पट्टा हाती धरायचा आणि ओढत मागे सरकायचे. वर वर निमुळता होत तो तुटून खाली येतो. झाड जगावे म्हणून एकदोनच पट्टे काढतात. खडबडीत बाह्यसाल वेगळी करून अंतर्साल घड्या घालून वाळवतात. विणण्याआधी ती भिजवून तिचे पापुद्रे सोडवतात व अरुंद पट्ट्या कापतात.

साध्या टोपलीची वीण चटईसारखी, एक पट्टी वर एक खाली. गुंडाळी विणीत मात्र एक ताठ आडवी काडी उभ्या काड्यांच्या आतून जाते आणि दुसरी लवचिक काडी, जिथे आडवी व उभी काडी एकमेकींना ओलांडतात तिथे, तिला आवळत नेते. या विणीच्या, गवताने नावा व देवमासे चितारलेल्या झाकणाच्या छोट्या टोपल्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विक्रीसाठी बनू लागल्या. त्यावरून सारी कलाच बाजाराची निर्मिती ठरवणे टिकणारे नाही. दक्षिणेकडील ‘मका’ नावाच्या सगोत्र लोकांच्या ओझेट गावी (अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य) दरडीखाली गाडलेल्या घरांत सालीच्या टोपल्या मिळाल्या. ही दरड काही अभ्यासक १७०० च्या भूकंपाशी जोडतात, तर काही सोळाव्या शतकाच्या आसपास मागे नेतात. युरोपीय संपर्कापूर्वीची, एवढे म्हणणे अधिक सुरक्षित. जवळच्या होको नदीकाठचे विणकामाचे अवशेष सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचे मानले जातात.

देवमासे मारणाऱ्या सरदारांच्या, माथ्यावर कांद्यासारखा गोळा असलेल्या टोप्याही याच परंपरेतल्या. त्यांत स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची मुळेही वापरीत. संग्रहालयांतील जुन्या वस्तूंवर विणणारीचे नाव क्वचितच आढळते.

साल काढलेल्या झाडावर उभा व्रण कायम राहतो. व्हँकूव्हर बेटालगतच्या मिअर्स बेटावरील वृक्षतोडीविरुद्धच्या खटल्यात असे व्रण जुन्या वहिवाटीचा पुरावा म्हणून मांडले गेले. १९८५ मध्ये न्यायालयाने तोडीला मनाई केली.