खेळाचं डिजिटल घड्याळ: घेण्याआधी काय बघाल

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात घड्याळं विकलीही जातात आणि उघडलीही जातात. पुढे काचेखाली नवी मांडलेली, मागे दिव्याखालच्या टेबलावर जुनी. कुठलं घड्याळ खरोखर चांगलं, ते मागच्या टेबलावर कळतं. हे पत्रक त्या टेबलावर बसून लिहिलं आहे. विषय एवढाच: हजार ते तीन हजार रुपयांतलं, रोज हातात राहील असं साधं डिजिटल घड्याळ. शाळेतल्या मुलासाठी, सकाळी कमाटी बागेत फेऱ्या मारणाऱ्यांसाठी, कंपनीत शिफ्ट करणाऱ्यांसाठी.

पावलं, नाडी, झोप मोजायची असेल तर हे पत्रक बाजूला ठेवा आणि चार्जिंगवाला बँड घ्या. तो दर काही दिवसांनी चार्जरला लावावा लागतो. साधं डिजिटल घड्याळ एकदा मनगटाला बांधलं की काही वर्षं त्याच्याकडे बघावं लागत नाही. दोन्ही गोष्टी एकाच घड्याळात आणि त्याच पैशात मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो.

मागच्या झाकणावरचा आकडा

आमच्याकडे सगळ्यांत जास्त येणारी तक्रार: ‘मागे पन्नास मीटर कोरलंय, मग आंघोळीत पाणी कसं शिरलं?’

पाण्यात दर दहा मीटर खोलीला साधारण एक बार दाब वाढतो. म्हणून ‘५ बार’ आणि ‘५० मीटर’ ही एकच गोष्ट. पण ही खोली नव्या घड्याळावर, कारखान्यात, स्थिर दाब देऊन ठरवलेली असते. तुम्ही हात मारत पोहता, नळाची धार थेट बटणावर सोडता, उडी घेता, तेव्हा दाब क्षणभर उसळतो. शिवाय तुमचं घड्याळ तीन उन्हाळे काढलेलं असतं.

म्हणून आमचा हिशोब असा. मागे नुसतं ‘वॉटर रेझिस्ट’ किंवा ३० मीटर असेल तर पाऊस आणि हात धुणं, बस. ५० मीटरवर पोहता येतं असं कंपन्या सांगतात, आणि नवं असताना ते खरंही आहे. पण मूल रोज तरणतलावावर जाणार असेल तर १०० मीटरचंच घ्या, फरक थोड्या पैशांचा असतो. खोल बुडी मारण्याच्या घड्याळांचं मानक निराळं आहे, त्या वाटेला या किमतीत जाऊच नका.

आकडा कितीही मोठा असो, पाण्याखाली बटण दाबायचं नाही. प्रत्येक बटणाच्या दांडीवर बारीक रबराची रिंग असते, दाबताना ती सरकते आणि पाण्याला फट मिळते. गीझरच्या गरम पाण्यातही घड्याळ नको. उष्णतेनं आणि साबणानं रबर लवकर कडक होतं. काचेच्या आत धुकं दिसलं तर तांदळाच्या डब्यात ठेवून दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन या. पाणी आतल्या सर्किटवर सुकलं की हिरवट थर धरतो, आणि मग सेल नवा घातला तरी आकडे उमटत नाहीत.

आता जे कोणी सांगत नाही ते. झाकण एकदा उघडलं की कोरलेला आकडा कोरलेलाच राहतो, पण त्याचा भरवसा उघडणाऱ्यावर असतो. झाकणाखालचं रबर पुसून, तपासून, सिलिकॉन ग्रीस लावून नीट खाचेत बसवावं लागतं. काही वर्षांपूर्वी आमच्याच हातून एक रबर झाकणाखाली चिमटलं गेलं आणि ते घड्याळ पहिल्याच पावसात गेलं. बदली घड्याळ आम्ही दिलं. तेव्हापासून रबर भिंगाखाली बघितल्याशिवाय झाकण बंद होत नाही. दुसरीकडे कुठे सेल बदलून घेत असाल तर समोर उभं राहून बघा. दोन मिनिटांत झाकण टपकन बसवून हातात दिलं, तर त्या घड्याळाला पुढे पाण्यापासून लांब ठेवा.

पट्टा

घड्याळ बंद पडण्याआधी पट्टा तुटतो. रेझिनचा, म्हणजे प्लॅस्टिकसारखा, पट्टा चार-पाच वर्षांनी घामानं, उन्हानं कडक होऊन भोकांपाशी चिरतो. नवरात्रीच्या नऊ रात्रींनंतर आमच्याकडे पट्ट्यांची रांग लागते ती उगाच नाही. म्हणून विकत घेतानाच विचारा: याचा पट्टा सुटा मिळतो का? काही घड्याळांत पट्टा पिननं घड्याळाच्या कडेच्या साध्या कानांत बसतो, कुठलाही १८ मिलिमीटरचा चालून जातो. काहींत पट्टा आणि घड्याळाचं कवच यांची खाच खास त्याच मॉडेलची असते. तो पट्टा बाजारात नसेल तर चालू घड्याळ ड्रॉवरमध्ये जातं. असं एखादं तुमच्याही घरी असेल.

मनगटावर चट्टे उठत असतील तर बहुतेक वेळा दोष पट्ट्याखाली साचलेल्या घामाचा आणि साबणाचा असतो. आठवड्यातून एकदा साध्या पाण्यानं धुवा, एक भोक सैल बांधा. तरीही खाज असेल तर मागचं झाकण बघा. ‘स्टेनलेस स्टील बॅक’ कोरलेलं नसेल आणि मुलामा उडालेला असेल तर निकेलचा त्रास असू शकतो.

जुम्मादादा व्यायाम मंदिरात जाणाऱ्या मुलांच्या पालकांना एक सांगणं: मल्लखांबावर घड्याळ नको, कितीही हलकं असलं तरी.

वाचता येतं का

काचेखाली ट्यूबलाइटमध्ये सगळीच घड्याळं छान दिसतात. आमच्या दुकानात घड्याळ हातात घालून बाहेर रस्त्यावर उन्हात जा, आम्हाला राग येत नाही. काळ्या पाटीवर पांढरे आकडे असलेली घड्याळं तरुण मुलांना आवडतात, पण संध्याकाळी रिक्षात बसून ती वाचताना डोळे बारीक करावे लागतात. चाळिशी लागलेल्यांनी करड्या पाटीवर काळे आकडेच घ्यावेत. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो लावूनच बघा, ठरावीक कोनात आकडे नाहीसे होतात. तो बिघाड नव्हे. डिजिटल पाटीच्या आतच त्या गॉगलच्या काचेसारखी पोलराइज्ड पट्टी असते.

दिवा बटण दाबून दोन्ही हातांच्या ओंजळीत बघा. एका बाजूला एकच हिरवा ठिपका लागत असेल तर पलीकडचे आकडे अंधारातच राहतात. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या घड्याळाची पाटी काळी पडली तर घाबरू नका, सावलीत थंड झालं की बहुधा परत येतं. पण ही सवय लावू नका.

वेळ आणि तारीख

वेळेबाबत स्वस्त आणि महाग यात फारसा फरक नाही. आतला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, हजाराच्या घड्याळातही आणि पंचवीस हजारांच्या घड्याळातही. महिन्याला तीस सेकंद मागे-पुढे हे या किमतीत ठीक. हा तुकडा २५ अंशांच्या आसपास सगळ्यांत नीट चालतो. आपल्याकडच्या ४५ अंशांत उघड्यावर पडून राहिलं तर दिवसाला सव्वा सेकंद मागे पडतं. मनगटावर असताना अंगाच्या उबेनं तापमान स्थिर राहतं, म्हणून वापरातलं घड्याळ ठेवलेल्यापेक्षा बरं चालतं.

तारखेचा मुद्दा गमतीचा आहे. १९८९ पासून विकलं जाणारं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे या वर्गातलं, बाकीची ज्याच्याशी ताडून बघायची असं घड्याळ, वजन जेमतेम २१ ग्रॅम. त्यात वर्ष टाकायची सोयच नाही, म्हणून त्याचा फेब्रुवारी कायम २८ दिवसांचा. २९ फेब्रुवारी २०२८ ला तारीख हातानं लावावी लागेल. चार वर्षांतून एकदा एवढं करायला आमची हरकत नाही, पण दर लीप वर्षी एक मार्चला पाच-सहा जण ‘बिघडलं’ म्हणून येतातच. त्याच कंपनीच्या एई-१२००डब्ल्यूएचमध्ये वर्ष टाकता येतं, पाण्याला १०० मीटर आणि सेलला १० वर्षं सांगितली आहेत. जाडी मात्र जास्त, शर्टाच्या बाहीत अडकते.

स्टॉपवॉच सगळ्यांत असतं. त्यावरून निवडू नका.

अलार्मवरून मात्र निवडा, विशेषतः आजी-आजोबांसाठी. या घड्याळांचा सूर फार बारीक आणि उंच असतो, आणि वयाबरोबर पहिल्यांदा उंच सूरच ऐकू येईनासे होतात. दुकानात वाजवून त्यांना विचारा. तासाला होणारी ‘पीप’ बंद कशी करायची, हेही लगेच आमच्याकडून शिकून जा. मुलांना सांगून ठेवा की नीटसारख्या परीक्षेत घड्याळ आत नेता येत नाही.

नकली ओळखणं

रस्त्यावरच्या टोपलीत दोनशे-तीनशेला मिळणाऱ्या घड्याळांवर तीन-चार छोट्या गोल तबकड्या दिसतात. त्यांतल्या बऱ्याच नुसत्या छापलेल्या असतात, कधी हलत नाहीत. बटणं चार, पण एखादं कशालाच जोडलेलं नसतं. प्रत्येक बटण दाबून बघा. खोक्यावर किंमत, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष छापलेलं हवं, कायद्यानं ते बंधनकारक आहे. एफ-९१डब्ल्यूचं उजवं बटण तीन सेकंद दाबून धरलं की पाटीवर कंपनीचं नाव उमटतं. पण अलीकडे नकली घड्याळांनीही ते शिकून घेतलंय, तेव्हा बिलाला पर्याय नाही.

सेल

कंपनी सात किंवा दहा वर्षं लिहिते ती दिवा आणि अलार्म अगदी कमी वापरला असं धरून. शिवाय नव्या घड्याळातला सेल कारखान्यात तपासणीपुरता बसवलेला असतो, त्यामुळे वर्षं बिलाच्या तारखेपासून मोजू नका. आकडे फिके झाले किंवा दिवा लावताना पाटी मिचकली की सेल बदलायची वेळ झाली.

काढलेला सेल आम्ही ठेवून घेतो. घरी नेऊ नका. वीस मिलिमीटरची ती चकती लहान मुलानं गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. असं झाल्याचा नुसता संशय आला तरी सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

सेल बदलायला अर्धा तास लागतो, रबर खराब निघालं तर दुसरा दिवस. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. जुनं बिल असेल तर सोबत आणा.