शेतमजुरांसाठी ४३६ रुपयांचा विमा: अर्ज ऊन तापायच्या आधी भरा

मार्चमध्ये वसमतकडे हळद काढायची आणि शिजवायची एकच घाई असते. वर ऊन, समोर भट्टीची धग, डोळ्यांत धूर. पुढे एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडचा पारा ४२ च्या पुढे जातो, तरी रोजंदारीवरच्या बाईला दुपारी घरी बसणं परवडत नाही.

उष्माघाताने घरातलं माणूस गेलं की लोक आधी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेची चौकशी करतात. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एकासाठी आहे. भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही. वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही फक्त अपघाताचा. म्हणून मजुरांना मी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमाच घ्यायला सांगतो. माणूस कशानेही गेला तरी नॉमिनीला, म्हणजे अर्जात नाव दिलेल्या घरच्या माणसाला, २ लाख रुपये मिळतात.

वय १८ ते ५० हवं आणि बँकेत किंवा पोस्टात बचत खातं हवं. जनधन खातंही चालतं. विमा ५५ व्या वर्षापर्यंत चालू ठेवता येतो, मात्र एका माणसाला एकाच खात्यावर. आधार कार्ड, पासबुक आणि नॉमिनीचं नाव, वय, नातं एवढं घेऊन शाखेत किंवा गावात बँकेचं काम करणाऱ्या बँक मित्राकडे जा. अर्जावर हप्ता खात्यातून कापायची संमती असते; सही किंवा अंगठा तिथेच. आधार आणि पासबुकावरचं नाव जुळतंय का, ते आधी बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाव नोंदवल्यापासून पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत. मेमध्ये धावपळ करून उपयोग नाही, मार्च लागताच भरा. मार्च ते मे या काळात ११४ रुपयेच लागतात आणि विमा ३१ मेपर्यंत चालतो. मग जूनपासून वर्षभरासाठी ४३६ रुपये आपोआप कापले जातात. आमच्या वस्तीवरच्या एका मावशीच्या पासबुकात तेव्हा ४१२ रुपये होते. २४ रुपयांपायी विमा बंद पडला. पुन्हा भरला, तर ते ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. त्यामुळे मे संपायच्या आत खात्यात ५०० रुपये तरी राहू द्या.

मृत्यू झाल्यास २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करून दाखला घ्या. मग खातं असलेल्या शाखेत दावा अर्ज, मृत्यू दाखला, नॉमिनीचं आधार आणि पासबुक द्या. ३० दिवसांच्या आत दिलेलं बरं. दिलेल्या कागदांची पोच मागून घ्या.

पन्नाशी ओलांडलेल्याला हा विमा नव्याने मिळत नाही. पण दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये मिळतात. तो अर्ज तहसीलमध्ये, संजय गांधी योजनेच्या टेबलावर द्यायचा.