विवाहबाह्य मुलाचा ताबा : कायद्याची पार्श्वभूमी

ओरोसच्या किंवा रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात मुलाच्या ताब्याचा अर्ज येतो, तेव्हा त्याला जन्मदाखला, अंगणवाडीतील नोंद, लसीकरणाचे कार्ड, शाळेचा बोनाफाईड दाखला असे कागद जोडलेले असतात. आईवडिलांचे लग्न झालेले नसेल, तर त्या गठ्ठ्यात लग्नाचा पुरावा तेवढा नसतो आणि त्यामुळे पालकत्वाचा क्रमच बदलतो. विवाहित हिंदू जोडप्याच्या मुलाचे नैसर्गिक पालक कायद्याच्या शब्दांत आधी वडील आणि नंतर आई. अविवाहितांच्या बाबतीत आधी आई आणि नंतर वडील. हा क्रम आईच्या गौरवासाठी ठरला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. जुना इंग्रजी कायदा विवाहबाह्य मुलाला कोणाचेच मूल मानत नसे. वडिलांचे घर आणि वारसा त्याच्यापासून दूर ठेवला गेला, आणि सांभाळायला आई उरली.

कोकणात या प्रश्नाला स्थानिक रूढीचीही एक बाजू होती. दक्षिण कोकणातील देवळांशी बांधल्या गेलेल्या भाविणींची मुले आईच्याच घराने ओळखली जात, मुलग्यांना देवळी म्हणत, आणि वडील कोण हे गावाला ठाऊक असले तरी मूल कोणाकडे राहणार असा वाद सहसा उद्भवत नसे. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला आणि अशा स्त्रीचे लग्न वैध ठरू लागले. पण रूढीने आईकडे सोपवलेल्या मुलांवर पुढे कोणी हक्क सांगितलाच, तर न्यायालयाने काय पाहावे, याचे उत्तर वेगळ्या कायद्यात होते.

तो कायदा म्हणजे १८९० चा पालक आणि पाल्य अधिनियम. तो आजही लागू आहे आणि सर्व धर्मांच्या मुलांसाठी वापरला जातो. त्याच्या सतराव्या कलमात मुलाचे कल्याण, वय, लिंग, धर्म, अर्जदाराचे चारित्र्य व कुवत, त्याचे मुलाशी असलेले नाते, आणि मूल समजत्या वयाचे असल्यास त्याची पसंती, एवढे सगळे पाहायला सांगितले आहे. नववे कलम अर्ज कोठे करायचा ते ठरवते : मूल जेथे सामान्यतः राहते, तेथील न्यायालयात. कोकणात हे कलम दिसते तितके साधे नाही. आई विरारला नोकरी करते, वडील परळला, आणि मूल देवगडजवळ आजीकडे वाढते, अशी घरे गावोगावी आहेत; मग मे महिन्यात किंवा गणपतीला मूल मुंबईला नेले आणि परत पाठवलेच नाही, तर त्याचे राहते ठिकाण कोणते, यावरच पहिल्या काही तारखा जातात. अशा वेळी शाळेचा तो दाखला लांबलचक प्रतिज्ञापत्रापेक्षा अधिक बोलतो.

विवाहबाह्य मुलाची आई आधी, हे सूत्र १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या सहाव्या कलमात लेखी आले, आणि तेराव्या कलमाने मुलाचे कल्याण सर्वांहून वरचे मानले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबईतील एका अविवाहित मुस्लिम गायिकेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. तिची लहान मुलगी ज्या बाईच्या घरी वाढत होती, ती बाई मुलगी परत देईना. पालकत्वाचा वेगळा अर्ज करा, असे सांगून उच्च न्यायालयाने आईला परत पाठवले होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मुस्लिम कायद्यानुसार अशा मुलीचा ताबा आईचा असल्याने तिला रोखून ठेवणे हाच बेकायदा ताबा ठरतो, असे म्हणून मुलगी आईच्या हवाली करवली. वडिलांनी पितृत्व मान्य केले होते, हेही न्यायालयासमोर होते.

पुढे १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात विवाहित मातांविषयीच्या कलमातील ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असा न लावता त्यांच्या अनुपस्थितीत असा लावला गेला. २०१५ साली एका अविवाहित ख्रिस्ती मातेला वडिलांचे नाव उघड न करता, त्यांना नोटीस न देता पालकत्वाचा अर्ज करण्याची मुभा मिळाली, आणि अशा आईने प्रतिज्ञापत्र दिले की मुलाचा जन्मदाखला द्यावा, असेही न्यायालयाने सांगितले. पालकत्वाचा आदेश कायमचा नसतो. नंतर वडील पुढे आले तर तो मुलाच्या हिताच्या दृष्टीने पुन्हा तपासता येतो, ही त्याच निकालातील बाब वृत्तांतून सहसा गळते.

सर्वांत गुंतागुंत होते ती ‘दुसऱ्या घरा’त. पहिली पत्नी हयात असताना केलेले दुसरे लग्न हिंदू विवाह कायद्याने शून्य ठरते, पण १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्यातील मूल औरस मानले जाते. मग अशा मुलाचे पहिले पालक वडील की आई? दोन कायद्यांची भाषा येथे जुळत नाही, आणि माझ्या मते असे मूल कोणत्या खान्यात बसते याची चर्चा न्यायालयांनी लांबवू नये. पोटगीचा प्रश्न त्याहून सोपा आहे : १८९८ च्या फौजदारी संहितेतही औरस-अनौरस भेद न करता वडिलांवर जबाबदारी होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात ती कायम आहे. वडील पोटगी देतात म्हणून ताबा त्यांना मिळतोच असे नाही, आणि ताबा आईकडे आहे म्हणून भेटीचा हक्क संपत नाही.

प्रत्यक्ष निर्णयाच्या वेळी न्यायाधीश मुलाला अनेकदा चेंबरमध्ये बोलावून घेतात, आईवडिलांना बाहेर ठेवून चार गोष्टी विचारतात : सकाळी डबा कोण देते, ताप आला तर रात्री उशाशी कोण बसते. सहा वर्षांच्या मुलाने यावर ‘आजी’ असे उत्तर दिले, तर आई आणि वडील दोघांच्याही वकिलांना युक्तिवाद पुन्हा बांधावा लागतो. या निर्णयांवर उच्च न्यायालयात दाद मागायला सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या पक्षकारांना मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे आता सावंतवाडीची आई मुलाला कडेवर घेऊन आंबोली घाट चढते आणि तारखेला पोहोचते.