एक पँट अपघाताची, एक पँट पायाची

गेल्या पावसाळ्यात माझ्या टायपिंगच्या दुकानात एका काकांनी पिशवीतून दोन पँटी काढून काउंटरवर ठेवल्या. पहिली मांडीपासून खालपर्यंत सरळ कापलेली, रक्त वाळून कडक झालेली. दुसरी धुतलेली, घडी घातलेली, पण डाव्या गुडघ्यामागे कापड विरून त्याची जाळी झालेली.

"दोन्यांचे पैसे मागूचे आसत. एकाच अर्जात घाल," काका म्हणाले.

मालवणच्या बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात ते कामाला होते. लादी फोडायच्या मशीनच्या पट्ट्यात डावा पाय गेला, गुडघ्याखाली कापावा लागला. आता जयपूर फूटचा कृत्रिम पाय आहे. दोन्ही पँटी एकाच अपघातामुळे गेल्या, त्यामुळे त्यांना दोन्ही खर्च एकच वाटत होते. त्यात अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर सांगितलेलं, की तिकडे अशा पँटीचे सरकार दरवर्षी पैसे देतं. झालं, काका हट्टालाच पेटले.

खरं तर हे दोन वेगळे खर्च आहेत. पहिली पँट अपघाताने गेली. तिला तारीख आहे, वेळ आहे, आणि ती कापणारी हॉस्पिटलची कात्री आहे. दुसरी पँट कृत्रिम पाय खातोय. तिला तारीख नाही. ती एका दिवशी फाटली नाही, रोज थोडी थोडी झिजली, आणि पुढची आणली तर तीही तिथेच झिजणार. पहिल्याला नुकसान म्हणायचं, दुसऱ्याला चालू खर्च. पहिलं एकदाच मागायचं असतं, दुसरं पाय आहे तोवर संपत नाही.

भाच्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ते कामगारांबद्दल नव्हतं. अमेरिकेत सैन्यात असताना जायबंदी झालेल्या माजी सैनिकांना वर्षाला कपड्यांचा भत्ता मिळतो. कृत्रिम अवयव, कॅलिपर किंवा चाकाच्या खुर्चीमुळे कपडे झिजत असतील, किंवा त्वचेवरच्या मलमाने न निघणारे डाग पडत असतील तर. त्या वर्षाच्या भत्त्यासाठी 1 ऑगस्टपर्यंत अर्ज द्यावा लागतो, आणि मोजे, आतले कपडे, बूट त्यात धरत नाहीत. अमेरिकेतल्याच केंद्र सरकारच्या नोकरांच्या भरपाई कायद्यात मात्र वेगळीच गंमत आहे: तिथे कामावर कृत्रिम पायच मोडला तर ती इजा धरतात, पाय दुरुस्त करून किंवा बदलून देतात. म्हणजे पाय कापड खातो तो एक प्रकार, आणि पायालाच काही होतं तो दुसरा. भाच्याने मात्र सैनिक आणि कामगार एकाच टोपलीत टाकले होते. सैनिकांपलीकडे कामगारांनाही हे देणारा एक देश म्हणजे जर्मनी. तिथल्या अपघात विम्यात, उपकरणामुळे कपडे आणि अंतर्वस्त्रं जास्त झिजतात म्हणून वेगळी भरपाई आहे.

आता आपल्याकडे. काकांच्या अपघाताच्या वेळी 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होता. (तो आणि कामगार राज्य विम्याचा 1948 चा कायदा हे दोन्ही आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत.) तो कायदा शारीरिक इजेचे पैसे देतो, वस्तूंचे नाही. रक्ताळलेल्या पँटीला त्यात जागा नाही आणि विरलेल्या पँटीलाही नाही. काकांना हे सांगताना मलाच कसंसं झालं, कारण पायाचा हिशेब मात्र तो कायदा मिलिमीटरमध्ये करतो. गुडघ्याखाली उरलेला खुंट 8.89 सेंटीमीटरपेक्षा जास्त पण 12.70 पेक्षा जास्त नसेल, तर कमाईची क्षमता 50 टक्के गेली असं धरतात. हे आकडे विचित्र दिसतात, पण ते साडेतीन आणि पाच इंच आहेत, नंतर सेंटीमीटरमध्ये उतरवलेले.

काकांचं वय 50. पगार थोडा जास्त होता, पण हिशेबाला महिन्याचे 15,000 च धरायचे. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, त्याला गुणायचं कायद्यातल्या वयाच्या गुणांकाने, 153.09 ने. संपूर्ण कायमच्या अपंगत्वाचे होतात 13,77,810, आणि त्याचे 50 टक्के म्हणजे 6,88,905 रुपये. एवढ्या बारकाईने पाय मोजणाऱ्या कायद्याला पँट दिसत नाही. ती रक्कम गेलेल्या कमाईची, कापडाची नव्हे. पण 2009 च्या दुरुस्तीने त्यात एक मोठी सोय आली: उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने द्यायचा. पायाचा पट्टा, खुंटावरचा मोजा, बिजागरी बदलणं, सॉकेट (खुंट बसतो ती वाटी) नीट करून घेणं हे सगळं त्या सदरात मागून बघता येतं. काका दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, योजना लागू असलेल्या भागात आणि 21,000 रुपयांपर्यंतच्या वेतनावर असते तर कामगार राज्य विम्यात गेले असते. तिथे कृत्रिम पाय विम्यातून मिळतो, पण मग मालकाकडून 1923 च्या कायद्याची भरपाई मिळाली नसती. काकांच्या कारखान्यात माणसं सात.

म्हणून मी काकांना म्हटलं, "पँट बाजूला ठेवा. पाय काढून दाखवा."

खरी गोष्ट तिथे होती. खुंट आखूड म्हणून मांडीला चामड्याचा पट्टा, आणि गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी बिजागऱ्या. ते खुर्चीवर बसले की पँटीचं कापड सॉकेटची मागची कड आणि मांडी यांच्यात चिमटलं जायचं, उठताना ताणलं जायचं. दिवसातून वीसेक वेळा. बाहेरच्या बिजागरीचा स्क्रू किंचित वर आलेला, त्याभोवती कापडावर तपकिरी गोल डाग. तो गंजाचा. घामातलं आणि समुद्राच्या हवेतलं मीठ दोन्ही मिळून पोलाद सोडत नाही, आणि जून ते सप्टेंबर पँट वाळतच नाही, तशीच ओलसर चढवावी लागते. ओलं कापड आणखी लवकर विरतं. कुबडीमुळे शर्टाची डावी बगलही विरलेली होती, ते त्यांनी सांगितलंच नव्हतं. "ता शर्टाचा काय, घरात घालूचो," म्हणाले.

एका स्क्रूमुळे आणि एका कडेमुळे महिना-दीड महिन्याला पँट जात होती. ती कड घासून गुळगुळीत करणं, स्क्रू बदलणं, बिजागरीवर चामड्याचं झाकण बसवणं ही उपकरणाची दुरुस्ती आहे, आणि तिची पावती उपचाराच्या खर्चात लावून बघता येते. विरलेली पँट म्हणून जे मागता येत नव्हतं त्यातलं बरंच कारणाच्या बाजूने मागता आलं. माझ्या मते इथे हाच मार्ग बरा, भत्त्याच्या नावाने भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांपुढे भांडत बसण्यापेक्षा.

कापलेली पँट? तिचं कायद्यात काही नसलं तरी ती फेकू नका असं मी सांगितलं. अपघात कामावर झाला, कामाच्या कपड्यात झाला, याला ती साक्षीदार. फोटो काढून ठेवला, बाजूला हॉस्पिटलचा कागद, तारीख दिसेल असा. काही मालक अशा कपड्यांचे हजार-दोन हजार खुशीने देतात. घ्यायला हरकत नाही, फक्त त्यासोबत कुठल्या कागदावर सही मागतात ते बघायचं. काकांना मुकादमाने कपड्याचे म्हणून 2,000 दिले आणि खाली लिहिलेलं, 'पूर्ण भरपाई मिळाली'. त्या सहीची काका फार चिंता करत होते. कायद्यात भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो, हे वाचून दाखवलं तेव्हा कुठे त्यांचा उतरलेला चेहरा खुलला. दावा मात्र अपघातापासून दोन वर्षांच्या आत लागतो. पँट कधी फाटली यावरून ती मुदत मोजत नाहीत.

मग दोन कागद झाले. पहिला दाव्याचा, त्यात पाय, पगार, उपचार. दुसरा मालकाला साधं पत्र, त्यात दुरुस्तीची पावती आणि पाय बनवणाऱ्याची चिठ्ठी: 'डाव्या सॉकेटची मागची कड कपड्यास घासते.' चिठ्ठीत डावा लिहायला मी मुद्दाम सांगितलं, कारण विरलेलं कापडही डावीकडेच होतं आणि ते फोटोत दिसतं.

चार दिवसांनी काका परत आले ते शिंप्याकडून. डाव्या पायाच्या आत गुडघ्यामागे जाड कापडाचं अस्तर शिवून घेतलं होतं. शिंप्याने चाळीस रुपये घेतले, पावती दिली नाही.