डोळ्यांवरचा डबा आणि समोरचा प्रश्न: कैद्यांच्या 'व्हीआर' मुलाखतीतली गल्लत

आधी सोपी गल्लत बाजूला काढते. जेलमध्ये 'मुलाखत' म्हणजे नातेवाइकांची भेट आणि 'ई-मुलाखत' म्हणजे तीच भेट व्हिडिओ कॉलवर. नोकरीच्या मुलाखतीशी तिचा काही संबंध नाही.

माझी तळमळ वेगळी आहे, ती नोकरीच्या मुलाखतीची. व्हीआर म्हणजे 'व्हर्च्युअल रिॲलिटी', संगणकानं उभं केलेलं आभासी जग. 'कैद्यांना व्हीआरवर मुलाखतीची तयारी' अशी बातमी आली की फोटो ठरलेला: डोळ्यांवर काळा डबा, म्हणजे हेडसेट, बांधलेला माणूस. मग कुणीतरी मला विचारतं, "ताई, असे डबे सोलापुरात आणता येतील का?" आणून काय करणार, यावर उत्तर नसतं.

अमेरिकेतल्या तुरुंगांत या एका नावाखाली दोन वेगळी कामं झाली आहेत. कोलोरॅडोत, अल्पवयात गुन्हा घडून कित्येक वर्षं आत काढलेल्यांना 2017 च्या सुमारास हेडसेट लावून बाहेरचं जग दाखवलं: दुकानात आपलं बिल आपणच करायचं यंत्र, लाँड्रीतली मशीन. मान वळवाल तिकडचं दिसतं. मोबाइलवर 360 अंशांचा व्हिडिओ पाहिला असेल तर हे तुम्हाला ठाऊकच आहे. बाहेरची धास्ती कमी करायला ते चांगलं.

मिशिगनच्या तुरुंगांत मात्र हेडसेटच नव्हता. साधा संगणक आणि पडद्यावर मॉली पोर्टर नावाची, माणसं कामावर घेणारी बाई. ती प्रश्न विचारते, पडद्यावर काही उत्तरं दिसतात, त्यातलं एक निवडून मोठ्यानं बोलायचं. मॉली पुढे काय विचारणार ते त्या उत्तरावर ठरतं. पातळी वाढली की तिचा गोडवा जातो आणि ती कडक होते. शेवटी गुण मिळतात, कुठलं उत्तर अंगाशी आलं तेही दिसतं. नावात 'व्हर्च्युअल रिॲलिटी' आहे, म्हणून सगळे डबा शोधत बसतात.

फरक डब्याचा नाही. तुमच्या उत्तराला पुढून काही येतं की नाही, फरक तिथे आहे.

जेलमधून सुटलेल्या एका यंत्रमाग कामगाराचा सराव मी घेत होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्याला काम हवं होतं. "मागची दोन वर्षं कुठं होता?" विचारल्यावर तो प्लॅस्टिकच्या फाइलचं बटण उघडत-लावत राहिला. मग म्हणाला, "गावाकडं." मी विचारलं, "कुठलं गाव? शेती किती?" दुसऱ्या थापेला तिसरी जोडावी लागली आणि तो गप्प झाला. सातव्या-आठव्या वेळी सरळ बोलला: "जेलमध्ये होतो, केस संपली. माग चालवता येतो, उद्यापासून येतो." आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं. 360 अंशांचा व्हिडिओ त्याला केबिन दाखवेल, खुर्ची दाखवेल, मालकाचा चेहराही दाखवेल, "कुठलं गाव?" असं उलटून विचारणार नाही. आणि माणूस अडकतो तो नेमका त्या दुसऱ्या प्रश्नावर.

सोलापुरात तर नुसता पत्ताही प्रश्न होतो. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून ज्या वस्तीत डांबलं, ती इथली 'सेटलमेंट'. तो कायदा 1952 साली रद्द झाला, तरी "राहायला सेटलमेंटला" म्हटलं की काही मालकांचा सूर आजही बदलतो. त्याची तयारी बघून होत नाही, बोलूनच होते.

मिशिगनमधली चाचणी लहान होती, 50 हून कमी माणसांची. मॅथ्यू स्मिथ यांच्या गटानं 2022 साली तिचे निष्कर्ष छापले. हा सराव न केलेल्यांच्या तुलनेत सराव केलेल्यांपैकी जास्त जणांना सुटल्यावर सहा महिन्यांत काम मिळालं. एवढ्याशा आकड्यावर मी मोठं काही बोलणार नाही. शिवाय उत्तरं तिथे तयार मिळतात. स्वतःच्या शब्दांत बोलायचा सराव शेवटी माणसासमोरच करावा लागतो. तरी दोन्हींत निवडायचं झालं तर मी डोळे झाकून संगणक निवडेन. आणि आपल्याकडे तो आलाच, तर मॉलीचे प्रश्न मराठीत उतरवून भागणार नाही. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यालाही समजेल अशा साध्या मराठीत, "पीसवर करणार की रोजावर?" (नगावर पैसे की दिवसावर) हा प्रश्न त्यात हवा.

कुणी तुमच्यासमोर हेडसेट ठेवून 'मुलाखतीचं व्हीआर' म्हणालं, तर तो डोळ्यांवर चढवायच्या आधी एवढंच विचारा: मी खोटं उत्तर दिलं, तर पुढचा प्रश्न बदलतो का?