वॉशिंग्टनच्या तळघरातल्या चेरी

अमेरिकेत व्हर्जिनियात पोटोमॅक नदीच्या काठी माउंट व्हर्नन हे जॉर्ज वॉशिंग्टनचं घर आहे. मूळ घर 1734 चं, म्हणजे इंग्रजांचं राज्य असतानाचं, आणि लांबून बघितलं तर दगडी वाटतं पण आहे लाकडी, पाइनच्या फळ्यांवर दगडाच्या चिऱ्यांसारख्या खाचा पाडून ओल्या रंगावर वाळू मारलीये. पण मला त्याहून भारी वाटतं ते खालचं तळघर.

2024 मध्ये घराच्या दुरुस्तीच्या वेळी तिथे खोदकाम झालं तर विटांच्या फरशीखाली पाच खड्डे सापडले, आणि त्यात 35 काचेच्या बाटल्या, त्यातल्या 29 तर अखंड! आत चेरी आणि बेरी, साधारण अडीचशे वर्षांपूर्वीच्या. पहिल्यांदा सापडलेल्या बाटल्यांना तर चेरीच्या फुलांसारखा वास येत होता.

मग ही फळं सडली कशी नाहीत? फळ सडवतात ते बॅक्टेरिया आणि बुरशी, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हवा लागते, म्हणजे ऑक्सिजन. बाटलीला घट्ट बूच, वर माती, त्यात तळघर थंड, त्यामुळे त्यांचं काम फारच मंदावलं. फळ आंबट असेल तर अजून बरं, आंबट रसात बरेच जंतू टिकत नाहीत, आपलं कैरीचं लोणचं टिकतं त्यात आंबटपणाचाही हात असतोच. आठळ्या आणि देठ तर आणखी चिवट, कारण त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ असतो आणि तो कुजायला ऑक्सिजन लागतोच लागतो. म्हणूनच त्या आठळ्यांमधून डीएनए मिळतो का, चेरीची जात कोणती ते कळतं का, हे शोधायचा प्रयत्न सुरू झाला.

आणि हे सगळं लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या साधारण शंभर वर्षं आधी बरं का, जंतूंमुळे अन्न खराब होतं हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, तरी कसं टिकवायचं ते हातांना माहीत होतं. ते हात वॉशिंग्टनचे नव्हते. तिथलं बहुतेक काम गुलाम लोक करायचे, 1799 मध्ये त्या इस्टेटीवर असे 317 जण होते, आणि 1759 पासून स्वयंपाकघर सांभाळायची ती डॉल, वॉशिंग्टनची बायको मार्था हिच्याबरोबर तिथे आणलेली गुलाम स्त्री. फळं झाडावरून ओरबाडलेली नाहीत, ओरबाडलं की साल फाटते, रस गळतो आणि तिथूनच सडायला सुरुवात होते. बाटलीतल्या देठांवर कात्रीचा स्वच्छ काप अजून दिसतो.